बोकडांचे मांसासाठी संगोपन : आहार आणि खच्चीकरण

लोणंद, चाकण यांसारख्या आठवडे बाजारांत शेळ्या-मेंढ्यांचा व्यवहार चाललेला असताना थोडा वेळ उभे राहिले, तर एक दृश्य वारंवार दिसते. एखादी भूमिहीन शेतमजूर स्त्री चार-पाच महिन्यांचे करडू दोरीने धरून आणते. व्यापारी त्याच्या पाठीवरून हात फिरवितो, कंबर चाचपतो आणि एक आकडा उच्चारतो. करडाचे वजन झालेले नसते. घरात निकड असते. दहा-बारा किलो वजनाचे ते करडू विकले जाते आणि पुढील चार-पाच महिने नीट पोसले असते तर त्याच्या अंगावर चढणारे दहा किलो वजन, म्हणजेच त्या कुटुंबाची खरी मिळकत, दुसऱ्याच्या पदरात पडते.

शेळीला आपल्याकडे ‘गरिबाची गाय’ म्हटले जाते. २०१९ मध्ये झालेल्या विसाव्या पशुगणनेनुसार भारतात सुमारे १४ कोटी ८९ लाख आणि महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ६ लाख शेळ्या होत्या. यांतील फार मोठा भाग अल्पभूधारक व भूमिहीन कुटुंबांच्या दारात बांधलेला आहे. शेळीचे दूध घरी वापरले जाते. रोख पैसा येतो तो प्रामुख्याने नर करडांच्या विक्रीतून. म्हणूनच नर करडाची वाढ कशी होते, ती कशाने वाढते आणि कशाने खुंटते, हा प्रश्न ग्रामीण अर्थव्यवस्थेच्या दृष्टीने गौण मानता येणार नाही.

या बाबतीत पशुपालकांमध्ये एक समजूत खोलवर रुजलेली आहे. ‘बोकड खच्ची केला की तो झपाट्याने वाढतो,’ असे सर्रास सांगितले जाते. ही समजूत अर्धसत्य आहे, आणि अर्धसत्यावर आधारलेला धंदा बहुधा तोट्यात जातो. खच्चीकरणाने नेमके काय साधते आणि काय साधत नाही, आणि वाढीचे खरे श्रेय कोणाला द्यावे, याचा विचार या लेखात केला आहे.

आपल्या जाती, आपली साधने

महाराष्ट्रातील शेळ्यांमध्ये उस्मानाबादी ही मांसासाठी सर्वांत प्रसिद्ध जात होय. धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद), लातूर, सोलापूर, बीड, परभणी आणि अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) या जिल्ह्यांत ती प्रामुख्याने आढळते. रंग बहुतांशी काळा, बांधा उंच व सडपातळ, आणि जुळी करडे देण्याची प्रवृत्ती हे तिचे विशेष. संगमनेरी ही अहिल्यानगर, नाशिक व पुणे जिल्ह्यांतील, बहुधा पांढऱ्या रंगाची, दूध व मांस या दोन्हींसाठी उपयुक्त जात. विदर्भात बेरारी, तर सिंधुदुर्गाच्या पट्ट्यात दमट हवेत टिकणारी कोकण कन्याळ. या चारही जाती आपापल्या हवामानाशी व चाऱ्याशी जुळवून घेतलेल्या आहेत. मांसासाठी बोकड पोसावयाचे म्हटले की परप्रांतातील भारदस्त जनावर आणावे असा मोह अनेकांना होतो. परंतु ज्या भागात जी जात पिढ्यान्‌पिढ्या नांदते, तिच्यापासूनच सुरुवात करणे शहाणपणाचे ठरते.

उस्मानाबादी करडाचे जन्मवजन साधारणतः सव्वादोन ते अडीच किलो असते. आईला पुरेसे दूध असेल तर तीन महिन्यांत ते आठ ते दहा किलोपर्यंत जाते. पुढील वाढ मात्र सर्वस्वी आपल्या हाती असते. केवळ माळरानावर चरणारे करडू दिवसाला ४० ते ५० ग्रॅम वाढते. उन्हाळ्यात त्याहूनही कमी. त्याच करडाला चराईखेरीज योग्य खुराक दिला तर ८० ते १०० ग्रॅमची वाढ मिळविणे अवघड नाही. जात तीच, रान तेच. फरक दावणीतल्या मूठभर खुराकाचा.

पहिले ९० दिवस

चांगल्या बोकडाची जडणघडण तो जन्माला येण्यापूर्वीच सुरू होते. शेळी गाभण राहिल्यानंतरच्या शेवटच्या दीड महिन्यात गर्भाची वाढ फार वेगाने होते. या काळात गाभण शेळीला रोज २०० ते २५० ग्रॅम खुराक दिला, तर करडू वजनदार जन्मते आणि शेळीच्या कासेत दूधही भरपूर येते.

जन्मल्यावर शक्य तितक्या लवकर, निदान पहिल्या तासाभरात, करडाला चीक पाजलाच पाहिजे. करडाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका चीक पहिल्या दिवसात, थोडा थोडा करून, त्याच्या पोटात जावा. अडीच किलोच्या करडाला हे प्रमाण सुमारे पाव लिटर होते. काही भागांत वार पडेपर्यंत चीक न पाजण्याची रूढी आहे. ती घातक आहे. रोगप्रतिकाराची जी शक्ती चिकातून मिळते ती शोषून घेण्याची करडाच्या आतड्याची क्षमता काही तासांतच ओसरू लागते आणि दिवसभरात जवळजवळ संपते.

पंधरा ते वीस दिवसांचे झाल्यावर करडू आईचे पाहून पाला चघळू लागते. याच वेळी त्याच्यापुढे थोडा बारीक भरडलेला खुराक आणि कोवळा पाला ठेवावा. त्यासाठी गोठ्याच्या एका कोपऱ्यात बांबूंचे असे कुंपण करावे की ज्यातून करडे आत जाऊ शकतील, पण मोठ्या शेळ्या शिरू शकणार नाहीत. या लवकर सुरू केलेल्या खाण्याने करडाच्या पहिल्या पोटाची, म्हणजे रवंथाच्या कोठीपोटाची, वाढ लवकर होते. दूध तुटल्यावर जी करडे एकाएकी वाळतात, त्यांच्या बाबतीत बहुधा ही पूर्वतयारी झालेली नसते. साधारणपणे ९० दिवसांनी दूध तोडावे. तेही एकदम न तोडता आठ-दहा दिवसांत हळूहळू कमी करीत जावे.

दूध तुटल्यानंतरचा आहार

शेळी ही स्वभावतः झुडपांची पाने खुडून खाणारी आहे. गाईसारखी ती खाली मान घालून एकाच गवतावर समाधान मानीत नाही. म्हणून तिच्या आहारात झाडपाल्याला मानाचे स्थान द्यावे. शेवरी, हादगा, सुबाभूळ, अंजन, बोर, बाभूळ यांचा पाला आणि बाभळीच्या शेंगा करडे आवडीने खातात. शेवरी, हादगा व सुबाभूळ यांच्या पाल्यात प्रथिने भरपूर असतात. सुबाभळीत मिमोसीन नावाचे अपायकारक द्रव्य असल्यामुळे तिचा पाला एकूण हिरव्या चाऱ्याच्या एक-तृतीयांशाहून अधिक देऊ नये. बांधावर शेवरी-हादग्याची शंभर झाडे लावली तर चार-दोन बोकडांच्या प्रथिनांची मोठी गरज घरच्या घरी भागते.

कोरड्या चाऱ्यात तुरीचे भुसकट, हरभऱ्याचे भुसकट, भुईमुगाचा वाळलेला पाला आणि कुट्टी केलेला ज्वारीचा कडबा यांचा समावेश होतो. यांपैकी भुईमुगाचा पाला व द्विदल पिकांची भुसकटे कडब्याहून सरस होत. सुगीच्या दिवसांत ही भुसकटे शेतात वाऱ्यावर सोडून दिली जातात. ती कोरडी करून साठविल्यास उन्हाळ्यात सोन्याच्या मोलाची ठरतात.

वाढत्या बोकडाला त्याच्या वजनाच्या सुमारे चार टक्के शुष्कांश, म्हणजे पाण्याचा अंश वगळून उरणारे खाद्य, रोज लागतो. १५ किलोच्या बोकडाला ही गरज ६०० ग्रॅम होते. ती पुढीलप्रमाणे भागविता येते : हिरवा पाला व चारा ८०० ग्रॅम, कोरडा चारा २५० ग्रॅम आणि खुराक २०० ग्रॅम. हिरव्या चाऱ्यात तीन हिस्से पाणीच असते हे ध्यानी घेतले, म्हणजे हा हिशेब जुळतो.

खुराक बाजारातून तयार आणता येतो, तसा घरीही करता येतो. सहा महिन्यांपर्यंतच्या करडांसाठी १०० किलो मिश्रणात मक्याचा भरडा ४० किलो, शेंगदाणा पेंड २५ किलो, गव्हाचा कोंडा २० किलो, तुरीची चुणी १२ किलो, खनिज मिश्रण २ किलो आणि मीठ १ किलो असे प्रमाण ठेवावे. यातून सुमारे १८ टक्के प्रथिने मिळतात. सहा महिन्यांनंतर, अंग भरण्याच्या काळात, प्रथिनांची गरज कमी होते. त्या वेळी मक्याचा भरडा ५० किलो, शेंगदाणा पेंड १६ किलो, तुरीची चुणी २० किलो, गव्हाचा कोंडा १० किलो, खनिज मिश्रण २ किलो, खाद्यासाठी मिळणारी चुनखडीची भुकटी १ किलो आणि मीठ १ किलो असे मिश्रण करावे. त्यात १५ ते १६ टक्के प्रथिने असतात व ते स्वस्तही पडते. मक्याऐवजी ज्वारी किंवा बाजरीचा भरडा वापरता येईल. पेंडीला बुरशीचा वास येत असेल तर ती फुकट मिळाली तरी जनावराला घालू नये.

खुराक वाढविताना घाई करू नये. पहिल्या आठवड्यात ५० ग्रॅम, दुसऱ्यात १०० ग्रॅम अशा टप्प्यांनी तो २०० ते २५० ग्रॅमपर्यंत न्यावा. एकाएकी भरपूर दाणा खाल्ल्यास पोटात आम्ल वाढून बोकड फुगतो, सुस्तावतो आणि दगावतो. आंत्रविषार हा प्राणघातक रोगही अशाच अचानक बदललेल्या आहाराचा फायदा घेतो. सकाळी चरावयास गेलेला धष्टपुष्ट बोकड संध्याकाळी मेलेला आढळतो, तेव्हा पुष्कळदा दृष्ट लागल्याचे म्हटले जाते. त्याचे कारण पोटातच शोधावयास हवे.

पाऊस लांबल्यामुळे खुरटलेली कोवळी ज्वारी हाही असाच एक धोका. तिच्यातील विषारी द्रव्याने जनावराला किराळ लागते व ते मिनिटांत कोसळते. अशा शेताकडे कळप फिरकू देऊ नये. स्वच्छ पाणी दिवसातून निदान दोन-तीन वेळा, आणि उन्हाळ्यात सदैव, उपलब्ध असावे.

खुराकाचा हिशेब

खुराकाला पैसे पडतात, तेव्हा तो घालणे परवडते का, हा प्रश्न पशुपालकाने विचारावयासच हवा. त्याचे उत्तर भावनेने न देता हिशेबाने द्यावे.

समजा, १५ किलोचा बोकड २५ किलोपर्यंत न्यावयाचा आहे. खुराकासह तो दिवसाला ८० ग्रॅम वाढत असेल, तर या दहा किलो वाढीस १२५ दिवस लागतील. रोज २०० ग्रॅमप्रमाणे या काळात २५ किलो खुराक खर्ची पडेल. वरवर पाहता एक किलो वाढीला अडीच किलो खुराक लागला असे दिसते. परंतु हा हिशेब पुरा नाही. खुराक दिला नसता तरी बोकड थोडाफार वाढलाच असता. पावसाळ्यानंतर रान भरलेले असताना तो नुसत्या चराईवर ५० ग्रॅम वाढला असता, म्हणजे १२५ दिवसांत सव्वासहा किलो. याचा अर्थ खुराकामुळे मिळालेली जादा वाढ केवळ पावणेचार किलो. आणि तिच्या प्रत्येक किलोला सुमारे पावणेसात किलो खुराक खर्च झाला.

आता हाच हिशेब उन्हाळ्यासाठी मांडू. रान उजाड असताना नुसत्या चराईवर बोकड जेमतेम २० ग्रॅम वाढतो, असे धरू. १२५ दिवसांत त्याची वाढ अडीच किलो होईल. खुराक देऊन दहा किलो वाढ मिळाली, तर जादा वाढ साडेसात किलोची झाली आणि तिच्या प्रत्येक किलोला सुमारे साडेतीन किलोच खुराक लागला. म्हणजे तोच खुराक उन्हाळ्यात जवळजवळ दुप्पट काम करतो. प्रत्येकाने आपल्या गावचा खुराकाचा दर आणि जिवंत बोकडाचा किलोचा दर या आकड्यांत घालून पाहावा. रान हिरवे असताना हात आखडता घ्यावा आणि रान सुकताच तो सैल सोडावा, हा धडा या हिशेबातून मिळतो. व्यवहारात मात्र बहुधा उलट घडते. पीक आल्यावर घरात धान्य असते म्हणून बोकडाला दाणा मिळतो. चैत्र-वैशाखात, जेव्हा त्याला खरी गरज असते, तेव्हा दावण रिकामी असते.

खच्चीकरणाने नेमके काय होते?

बोकडाच्या वृषणांत निर्माण होणारे संप्रेरक रक्तावाटे सर्व शरीरात पसरते. त्यामुळे स्नायूंची व हाडांची वाढ होते, मान व खांदे भरतात, माजाची वृत्ती येते आणि अंगाला उग्र दर्प सुटतो. खच्ची केल्यावर हे संप्रेरक बंद होते. यावरून दोन निष्कर्ष आपोआपच निघतात.

पहिला असा की, वाढीचा वेग खच्चीकरणाने वाढत नाही. समान आहारावर ठेवलेल्या बोकडांची तुलना केली असता अंडील बोकड बहुधा किंचित अधिक वेगाने वाढतो आणि त्याच्या अंगावर तांबडे मांस अधिक, चरबी कमी असते. खच्ची बोकड खाल्लेल्या अन्नाचा अधिक हिस्सा चरबीच्या रूपाने साठवितो. ही चरबी आधी मूत्रपिंडाभोवती व आतड्यांवरील पडद्यात साठते आणि नंतर कातडीखाली येते. त्यामुळे तो गोल, भरलेला व तकतकीत दिसतो. ‘खच्ची केल्यावर बोकड वाढतो’ ही समजूत या दिसण्यातूनच जन्मली असावी. तराजू मात्र वेगळी साक्ष देतो.

दुसरा निष्कर्ष असा की, जे बोकड वयात येण्यापूर्वीच विकावयाचे आहेत त्यांना खच्ची करण्यात विशेष लाभ नाही. मग खच्चीकरणाचे प्रयोजन काय? ते तीन बाबतींत आहे. एक म्हणजे मांसाचा दर्जा. वयात आलेल्या बोकडाच्या शिंगांमागील ग्रंथींतून तीव्र वासाचा स्राव पाझरतो. माजाच्या दिवसांत तो स्वतःच्याच दाढीवर व पुढच्या पायांवर मूत्र उडवितो. हा दर्प मांसातही उतरतो आणि ग्राहक नाक मुरडतो. खच्ची बोकडाच्या मटणाला हा वास नसतो. चरबीचा थोडा अंश असल्याने ते मऊ व रुचकर लागते. दुसरी बाब स्वभावाची. वयात आलेला बोकड माज आलेल्या शेळ्यांच्या मागे दिवसभर धावतो, खाणेपिणे सोडतो, इतरांशी टकरा घेतो व जखमी होतो. महिन्याभराच्या खुराकाने कमावलेले वजन तो आठ दिवसांत गमावू शकतो. खच्ची बोकड शांतपणे कळपात चरतो. तिसरी बाब पैदाशीची. ज्या घरी शेळ्या व बोकड एकाच गोठ्यात राहतात, तेथे नको असलेला नर अंडील ठेवणे म्हणजे नको ती संतती वाढविणे होय. वयात न आलेल्या पाठी गाभण राहतात, भाऊ-बहिणींचा संकर होतो आणि पुढची पिढी खुरटी निपजते.

मटणाच्या उताऱ्याच्या बाबतीत दोहोंत फार मोठे अंतर नाही. जिवंत वजनाच्या साधारण ४५ टक्क्यांच्या आसपास उतारा मिळतो. चांगल्या पोसलेल्या जनावराचा त्याहून थोडा अधिक. उपाशी वा अर्धपोटी वाढलेला बोकड, अंडील असो की खच्ची, हाडांचा सापळाच असतो. चरबी साठावयास आधी पोटात अन्न जावे लागते. खुराकाशिवाय केलेले खच्चीकरण म्हणजे बी न पेरता केलेली कोळपणी होय.

खच्ची केव्हा करावे, केव्हा करू नये

वरील विवेचनावरून व्यवहाराचा नियम असा सांगता येईल. बोकड सहा-सात महिन्यांपर्यंत विकावयाचे असतील आणि त्यांना शेळ्यांपासून वेगळे ठेवण्याची सोय असेल, तर ते अंडीलच ठेवावेत. वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ पोसावयाचे असतील, अथवा शेळ्यांबरोबर एकत्र चरत असतील, तर खच्ची करणे हितावह. मात्र त्याआधी गिऱ्हाईक कोण आहे हे जाणून घ्यावे. गावातील खाटीक, शहरातील मटणाचा व्यापारी, जत्रेसाठी बोकड शोधणारे कुटुंब आणि बकरी ईदसाठी निर्दोष जनावर पाहणारा खरेदीदार या सर्वांच्या अपेक्षा सारख्या नसतात. कोठे खच्ची बोकडाला चढा भाव मिळतो, तर कोठे अंडीलच हवा असतो. एकदा केलेली ही क्रिया परत फिरविता येत नाही. म्हणून आधी चौकशी, मग निर्णय.

वयाचा विचार करता तीन ते चार महिने हा काळ सोयीचा ठरतो. बोकड चार महिन्यांच्या सुमारास शेळ्यांना लागू पाहतो. त्याआधी काम उरकावे. फार लहान वयात केल्यास मूत्रमार्गाची वाढ अपुरी राहते व पुढे मूतखड्याचा धोका वाढतो. फार मोठ्या वयात केल्यास वेदना, रक्तस्राव व वाढीतील खंड हे सारे अधिक होते. दूध तोडणे, लस टोचणे आणि खच्ची करणे या तिन्ही गोष्टी एकाच आठवड्यात करून करडावर तिहेरी ताण आणू नये.

पद्धती आणि वेदनेचा प्रश्न

खच्चीकरणाची सर्वांत प्रचलित शास्त्रीय पद्धत म्हणजे इटलीतील पशुवैद्य डॉ. बर्डिझो यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चिमट्याची. या चिमट्याने कातडी न फाडता वृषणाकडे जाणारी रक्तवाहिन्यांची व रेतवाहिनीची दोरी चिरडली जाते. प्रत्येक बाजूची दोरी स्वतंत्रपणे, थोड्या वरखाली अंतरावर दाबावी लागते. दोन्ही दाबांची रेषा एक झाली तर पिशवीच्या कातडीचा रक्तपुरवठा तुटून ती सडते. रक्त वाहत नसल्याने माश्या बसण्याचे व जखम चिघळण्याचे भय कमी असते. चार ते सहा आठवड्यांत वृषणे आक्रसून जातात. ती तशी गेली की नाही हे हाताने चाचपून पाहावे. चिमट्यानंतरही काही आठवडे बोकडाच्या शरीरात शुक्राणू शिल्लक असू शकतात, म्हणून तेवढा काळ त्याला माजावरील शेळ्यांपासून दूर ठेवावे.

लहान करडांना घट्ट रबरी कडे चढविण्याची दुसरी पद्धत आहे. ती स्वस्त असली तरी कड्याखालील भाग हळूहळू मरत जातो व तेथे धनुर्वाताचे जंतू शिरकाव करू शकतात. शस्त्रक्रियेने वृषणे काढणे ही तिसरी, खात्रीची पद्धत. परंतु ती उघडी जखम मागे ठेवते. पावसाळ्यात ती टाळावी; हिवाळ्याचे कोरडे दिवस निवडावेत. कोणतीही पद्धत वापरली तरी धनुर्वात प्रतिबंधक टोचून घ्यावे आणि पुढील आठवडाभर बोकडाला कोरड्या, स्वच्छ जागी ठेवून त्याच्या चालण्या-खाण्याकडे लक्ष द्यावे.

काही ठिकाणी अजूनही दोन दगडांमध्ये किंवा लाकडांमध्ये वृषणे ठेचून बोकड ‘बडविला’ जातो. हा प्रकार क्रूर तर आहेच, शिवाय तोट्याचाही आहे. असह्य वेदनेने करडू आठ-आठ दिवस चारा सोडते, पिशवी सुजून पू होतो, आणि वाचलेच तर त्याची वाढ महिनाभर मागे पडते. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमात खच्चीकरणाला मुभा आहे ती विहित रीतीने केले तरच. म्हणून हे काम जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातील पशुवैद्यकांकडून, वेदनाशामक औषध देऊनच करून घ्यावे. जे मुके जनावर आपल्या संसाराला हातभार लावते, त्याला टाळता येण्याजोगे दुःख न देणे ही कायद्याइतकीच आपल्या संस्कृतीचीही आज्ञा आहे.

मूतखडा : खच्ची बोकडाचा छुपा शत्रू

खच्ची बोकडांना जो आजार विशेषत्वाने जडतो तो मूतखड्याचा. लवकर खच्ची केल्यामुळे मूत्रमार्ग अरुंद राहतो. त्यात धान्य व कोंडा यांचा भरणा असलेल्या खुराकातून फॉस्फरस अधिक जातो. पाणी कमी पडते. आणि बारीक खडे मूत्रमार्गात अडकतात. बोकड पाय ताणून उभा राहतो, कण्हतो, शेपटी हलवितो, परंतु मूत्र थेंबथेंब येते किंवा येतच नाही. पशुपालकाला पुष्कळदा वाटते की शौचाला साफ होत नाही, आणि तो तेल पाजण्यात मोलाचे तास घालवितो. मूत्राशय फुटल्यावर इलाज उरत नाही. अशी लक्षणे दिसताच त्याच दिवशी पशुवैद्यकाला गाठावे.

हा आजार टाळणे सोपे आहे. आहारातील चुन्याचे प्रमाण फॉस्फरसच्या दुप्पट असावे. वर दिलेल्या दुसऱ्या मिश्रणात कोंडा कमी करून चुनखडीची भुकटी घातली आहे ती याच हेतूने. खुराकात मीठ असावे, म्हणजे बोकड पाणी अधिक पितो. हिवाळ्यात गार पाण्याकडे तो पाठ फिरवितो, तेव्हा कोमट पाणी ठेवावे. आणि झाडपाला व भुसकट हाच आहाराचा पाया राहावा. दाणा हा पूरक.

आरोग्याची राखण

पोटात जंत असलेल्या बोकडाला घातलेला खुराक म्हणजे गळक्या रांजणात ओतलेले पाणी. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर लेंडीची तपासणी करून पशुवैद्यकाच्या सल्ल्याने जंतनाशक द्यावे. औषधाची मात्रा वजनावरच ठरवावी. आंत्रविषाराची लस पावसाळ्यापूर्वी टोचावी. पी.पी.आर. या संसर्गजन्य रोगावरील लस वयाच्या तीन-चार महिन्यांनंतर द्यावी. बाजारातून आणलेले नवे बोकड दोन-तीन आठवडे कळपापासून वेगळे बांधावेत. गोठा कोरडा, हवेशीर आणि जमिनीपासून थोडा उंच असावा.

सर्वोत्तम करडू कोणाचे?

येथे एका घातक प्रथेकडे लक्ष वेधणे आवश्यक वाटते. कळपातील जे करडू सर्वांत थोराड असते, त्यालाच व्यापारी प्रथम मागणी घालतो. ते विकले जाते किंवा खच्ची होते. मागे उरते ते किरटे करडू. आणि तेच पुढे कळपाचा बोकड बनते. अशा रीतीने दरवर्षी आपण उत्तम रक्त बाजारात व निकृष्ट रक्त गोठ्यात ठेवीत आलो आहोत. शेळ्यांची जात खालावत चालल्याची तक्रार करताना याचा विसर पडू नये. जुळ्यांपैकी जन्मलेले, दुधाळ शेळीचे, निर्दोष बांध्याचे व वेगाने वाढणारे करडू पैदाशीसाठी राखून ठेवावे. बाकीचे नर खच्ची करावेत किंवा विकावेत. एकट्याला परवडत नसेल तर गावातील बचत गटाने किंवा काही कुटुंबांनी मिळून २५-३० शेळ्यांमागे असा एक बोकड पोसावा आणि दोन वर्षांनी तो दुसऱ्या गावाशी बदलून घ्यावा. पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाच्या प्रक्षेत्रांवर, तसेच राज्यातील कृषि विद्यापीठांच्या शेळी संशोधन केंद्रांतून जातिवंत बोकडांविषयी मार्गदर्शन मिळू शकते.

तराजू हाती घ्या

इतके कष्ट करून वाढविलेला बोकड शेवटी उपरण्याखाली बोटे दाबून, अंदाजाने विकला गेला, तर सारा हिशेब पाण्यात जातो. एक साधा ताणकाटा आणि एक गोणपाट एवढ्या सामग्रीवर दर पंधरवड्याला बोकडाचे वजन करता येते. वहीत तारीख, वजन व घातलेला खुराक यांची नोंद ठेवावी. लागोपाठ दोन नोंदींत वाढ दिसली नाही, तर जंत, अपुरा आहार किंवा आजार यांपैकी काहीतरी आहे असे समजावे. आणि ज्या वयात चांगला खुराक घालूनही वाढीचा वेग मंदावून केवळ चरबी साठू लागते, तीच विक्रीची वेळ. मोठ्या सणांच्या आधी मागणी वाढते. त्या तारखा मागे मोजून खुराकाचे ९० ते १२० दिवस आखावेत.

सारांश, खच्चीकरण हे संगोपनाचे एक साधन आहे. ती जादूची कांडी नव्हे. बोकड वाढतो तो वेळेवर मिळालेल्या चिकाने, सुगीत साठविलेल्या भुसकटाने, बांधावरच्या शेवरीने आणि वैशाखातील त्या पावशेर खुराकाने. चार-पाच महिन्यांच्या करडाची दोरी बाजारात दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी प्रत्येक पशुपालक भगिनीने व बंधूने एकदा त्याचे वजन करावे, आणि आणखी चार महिन्यांनी ते किती होईल याचा आकडा वहीत मांडून पाहावा. निकड खरीच मोठी असेल तर करडू विकावेच लागेल. परंतु घरातील दोन करडांपैकी एक विकून दुसरे राखता आले, तर त्या राखलेल्या करडातून पुढची निकड टळण्याचा मार्ग निघू शकेल.